बिरड्याचा सण

मुळशीहून ताम्हिणीचा घाट उतरला म्हणजे रायगड जिल्हा लागतो. तेथील बेने इस्रायल हे यहुदी लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ म्हणून शनिवारी बंद ठेवीत. यास्तव त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू ग्रंथ त्यांजपाशी कित्येक पिढ्या नव्हते. मग सण टिकले कसे? पोथ्या शिकविण्यात ज्यांचा जन्म गेला त्या आम्हांस सांगणे जड जाते, पण ते टिकविले स्वयंपाकघराने. वल्हांडणास आंबविलेले वर्ज्य, म्हणून आंबट रसाचे भांडे झाकून ठेवीत. तो ‘अनाशी ढाकायचा सण’. महोपवासाच्या दिवशी दारे लावून घरात बसत, ती ‘दारफाळणी’. यरुशलेमचे मंदिर रोमनांनी इसवी सन ७० मध्ये पाडले, त्या शोकदिनाचे नाव तर ‘बिरड्याचा सण’! शोकास सण म्हणणे कानास खटकते खरे. परंतु वाचकहो, त्या व्रताचे साधे जेवण म्हणजे आपल्याच वालांचे बिरडे. पुढे पोथ्याही आल्या. वल्हांडणाची ‘हग्गादा’ मराठी अर्थासह १८७४ साली पुण्यातच छापली गेली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलास गेली. तेथेही एलियाहू नबीच्या नावाने पोहे व ओले खोबरे यांचा मलिदा होतो.