दहा मिनिटांचा जुगार

परळ-लालबागच्या गिरणगावाला जुगार नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर येथे आकडा लागत असे. तो मार्ग बंद झाल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला आणि १९६४ पासून रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका चालविला. गिरणी कामगारांचे किती पगार त्यात बुडाले, हे त्यांच्या घरच्या स्त्रियांनाच ठाऊक. मटक्याचे समर्थन मला करावयाचे नाही. पण त्यात वाट पाहावी लागे. ओपन आणि क्लोज, दिवसाला दोनच आकडे. मधल्या तासांत माणूस साच्यावर उभा राही, घरी जेवायला येई, क्वचित शुद्धीवरही येई.

आज मोबाइलवर उडणाऱ्या विमानाने ही सवडच काढून घेतली आहे. पडद्यावर विमान चढते तसा लावलेल्या पैशाचा गुणाकार वाढतो. ते नाहीसे होण्यापूर्वी पैसे काढून घेतले तर जिंकलो, नाहीतर सारे गेले. 'दहाच मिनिटे खेळतो,' असे मुले म्हणतात. मिनिटाला तीन फेऱ्या धरल्या तरी दहा मिनिटांत तीस होतात. म्हणजे मटक्याचा पंधरवडा.

योग्य क्षणी उतरणे हे कौशल्य आहे, हा या खेळातील सर्वांत मोठा भ्रम. अशा एका प्रसिद्ध खेळात परतावा ९७ टक्के असतो. दुपटीवर उतरायचे ठरविले, तर शंभरांत सरासरी साडेअठ्ठेचाळीस वेळा साधते. दहापटीवर थांबायचे तर दहा वेळाही नाही. दोन्हीकडे लावलेल्या शंभर रुपयांचे सरासरी सत्त्याण्णवच परत येतात. कोठेही उतरा, तीन रुपये मालकाचे. फेऱ्या जितक्या जलद, तितके हे तीन रुपये अधिक वेळा जातात.

सिगालोवाद सुत्तात राजगृहाच्या सिगाल या गृहपतिपुत्राला भगवंतांनी जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणाऱ्याला वैर मिळते, हरणारा शोक करतो, धन जाते, हे कोणालाही पटते. मला चौथा अधिक बोचतो : सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. ज्यांचा शब्द सभेत कोणी ऐकत नव्हता, त्यांच्यासाठी संस्था उभारावी म्हणून बाबासाहेबांनी ९ मार्च १९२४ रोजी याच परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा बोलाविली होती. त्या समाजातील मुलगा आज फीचे पैसे हरून आईशी खोटे बोलतो, तेव्हा केवळ पैसेच जात नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. चालविणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे योग्यच झाले; परंतु परदेशातून चालणाऱ्या खेळाचा दुवा मित्राच्या मोबाइलवरून येतो, आणि वसतिगृहात मोबाइल कपाटात ठेवून घेण्याचा आपला नियमही सुट्टी लागेपर्यंतच टिकतो.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीपूर्वी नववी-दहावीच्या मुलांकडून वरचे गणित फळ्यावर एकदा सोडवून घ्यावे, असे मला वाटते. त्याच सुत्तात उत्पन्नाचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा अडचणीसाठी राखून. तेही त्याच तासाला शिकवावे. पालकांना मात्र माझी वेगळी विनंती आहे. हरलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी येऊन खरे सांगितले, तर त्याच्यावर हात उगारू नये.