पेढीवरचा जुना संगणक आणि एसएसडीची निवड

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अनेक पेढ्यांवर आजही बिले करतो, खाती सांभाळतो आणि मार्चअखेरीस सर्वांच्या संयमाची परीक्षा पाहतो. बटण दाबल्यापासून टॅली उघडेपर्यंत मागवलेला चहा येऊन संपतोही. घरातील तरुण मंडळी नवा संगणक घ्यावा म्हणतात. वडीलधाऱ्यांना तो खर्च अनाठायी वाटतो. यात वडीलधारेही अगदीच चुकत नाहीत. अशा संगणकाच्या मंदपणाचे मूळ बहुधा प्रोसेसरात नसते, ते फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असते. तिच्या सुईला हवी ती जागा गाठायला दर खेपेस दहा-बारा मिलिसेकंद लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होते. खाते उघडताना अशा शेकडो फेऱ्या होतात, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो.

दुकानदार मात्र पुठ्ठ्यावर छापलेला वेग दाखवतो. सेकंदाला ५५० एमबी हा आकडा जुन्या संगणकाच्या बाबतीत फारसा उपयोगाचा नाही. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणाऱ्या एच६१ चिपसेटच्या मदरबोर्डवर साटाची दुसरी पिढीच असते आणि तिची व्यवहारातील मर्यादा २८० एमबीच्या आसपास येते. तेव्हा जादा वेगासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची साधी साटा एसएसडी पुरे. स्वस्त मिळते म्हणून एनव्हीएमई प्रकारची चपटी पट्टी आणली, तर ती लावायला जुन्या बोर्डावर जागाच नसते.

खरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे, आणि येथे व्यापाऱ्याने मालाची प्रत पाहावी तशी ती पाहावी. एसएसडीच्या एका पेशीत तीन बिट साठवले तर ती टीएलसी, चार साठवले तर क्यूएलसी. चार कोंबल्याने माल स्वस्त होतो, पण पेशी लवकर झिजते आणि मोठी फाइल लिहिताना वेग कोसळतो. हिशेबाच्या संगणकाला टीएलसीच घ्यावी. दुसरी गोष्ट डीरॅमची. कोणती माहिती कोठे ठेवली याचा नकाशा डीरॅम असलेल्या एसएसडीत जलद स्मृतीत राहतो; स्वस्त नमुन्यांतून तीच काढून टाकलेली असते. दिवसाला पन्नास-शंभर बिले करणाऱ्या पेढीला तिच्यावाचून अडत नाही, तरी परवडत असेल तर असलेली घ्यावी.

कंपन्या किती टेराबाइट लेखनाची हमी देतात, हा आकडा टीबीडब्ल्यू या नावाने तपशीलपत्रात असतो. क्रुशियल बीएक्स५०० च्या ४८० जीबी नमुन्याला तो १२० आहे आणि वॉरंटी ३ वर्षांची. किंग्स्टन ए४०० ला त्याच क्षमतेत १६०. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला ३०० आणि वॉरंटी ५ वर्षांची. आता हिशेब पाहा. दिवसाला २० जीबी लिहिले, आणि पेढीवर एवढे क्वचितच लिहिले जाते, तरी १२० टेराबाइट संपायला ६००० दिवस, म्हणजे सोळा वर्षे लागतील. म्हणून झिजेची धास्ती बाळगू नये. वर्षे मोजायची ती वॉरंटीची, आणि ती मिळण्यासाठी पक्के बिल हवे. अनोळखी नावाची, एक टेराबाइटची, अविश्वसनीय भावातील एसएसडी मात्र हातातही धरू नये. आत लहान क्षमतेची चिप बसवून संगणकाला मोठा आकडा दाखवणारा बनावट माल बाजारात फिरतो. जागा भरली की जुन्या फायलींवर नव्या लिहिल्या जातात. एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत साधनाने पूर्ण क्षमता एकदा तपासली की लबाडी उघडी पडते.

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. हार्ड डिस्क मरण्याआधी कुरकुरते, खटखटते. एसएसडी बहुधा काहीच न सांगता एका सकाळी दिसेनाशी होते, आणि तीतून पुसलेली फाइल सहसा परत मिळत नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. उधारीच्या वसुलीचा आधारही तेच. यास्तव टॅलीच्या डेटाची प्रत रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि आठवड्याला एकदा पेढीबाहेर, घरी, जावी. वीज जाऊन लेखन अर्धवट राहू नये म्हणून यूपीएसची बॅटरी जिवंत आहे ना, हेही पाहावे.

बदल करताना आधी डेटाची प्रत, मगच क्लोनिंग. जुनी डिस्क आवाज करत असेल तर क्लोनिंगचा नादच सोडावा. डेटा काढून विंडोज नव्याने बसवणे शहाणपणाचे. बायोसमध्ये एएचसीआय चालू असावे, मात्र जुन्या विंडोजवर ते परस्पर बदलले तर संगणक सुरूच होत नाही, म्हणून हे काम जाणत्याकडून करून घ्यावे. आणखी एक अडचण एसएसडीने सुटत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक संगणक विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र नाहीत. अशा संगणकावर बिले खुशाल करावीत. बँकेचे व्यवहार दुसऱ्या, अद्ययावत यंत्रावर न्यावेत.

काढलेली हार्ड डिस्क लगेच भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. तारखेची चिठ्ठी लावून ती पुढचे विवरण भरेपर्यंत तिजोरीत ठेवावी, आणि नंतर टाकायचीच झाली तर आधी पूर्ण पुसून घ्यावी. तिच्यावर ग्राहकांचे खाते क्रमांकही आहेत.