दाभोळला थांबा नको, मुक्काम हवा

कोकणात जलपर्यटनाची चर्चा पुन्हा जोरात आहे. शिडाच्या बोटी येतील, खाड्यांमध्ये थांबतील, रोजगार वाढेल, असे सांगितले जाते. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ अशा प्रवासाला अगदी साजेसे आहे. उत्तरेला दापोली तालुक्यातले दाभोळ, दक्षिणेला गुहागरचे अंजनवेल आणि त्यावरचा गोपाळगड. मध्ये रुंद खाडी, आत वळत गेले की दोन्ही काठांना हिरवे डोंगर. नदीत मगरीही आहेत. फोटोसाठी यापेक्षा अधिक काय हवे?

पण माझा प्रश्न फोटोनंतरचा आहे. इथे थांबणाऱ्याला आपण काय दाखवणार, आणि काय सांगणार?

शिडाच्या जहाजांच्या काळात थांबणे ही हौस नव्हती. वारा अनुकूल होईपर्यंत बंदरात राहावेच लागे. अरबीतला 'मौसिम' म्हणजे ठरावीक काळ. त्यावरूनच आपला 'मोसम' आला आणि इंग्रजांचा 'मान्सून'ही. बंदर, किनारा, दर्या, तुफान, खलाशी, नाखवा हे आपल्या रोजच्या मराठीतले शब्द फारसी-अरबीतून आले. ते कोणी फर्मान काढून लादले नाहीत. काठावर एकत्र राहिलेल्या, एकमेकांची भाषा ऐकलेल्या माणसांनी ते रुजवले. 'मुक्काम'ही त्याच वाटेने आला. थांबा काही मिनिटांचा असतो. मुक्कामात ओळख होते.

दाभोळने असे मुक्काम पुष्कळ पाहिले. बहमनी काळात अरबस्तान आणि इराणकडून इथे घोडे उतरत. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात फिरला आणि परतताना याच बंदरातून होर्मुझकडे निघाला. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळले, माणसे कापली. म्हणजे या रम्य पाण्याला रक्ताचाही इतिहास आहे. तोही सांगायला हवा.

जेट्टीपासून जवळच शाही मशीद आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. आख्यायिका अशी की, विजापूरची एक शहजादी हजला निघाली होती. दाभोळला मुक्काम पडला, पुढचा प्रवास मात्र होऊ शकला नाही. तेव्हा प्रवासासाठी आणलेला पैसा तिने मशिदीच्या बांधकामात घातला. इतिहास म्हणून ही कथा किती खरी, ते संशोधक ठरवोत. मला तिच्यातला विचार महत्त्वाचा वाटतो. वाटेत थांबलेल्या माणसाने त्या गावाला काहीतरी देऊन जावे. आजचा प्रवासी काय देऊन जातो? बहुतेकदा प्लास्टिकच्या बाटल्या.

इस्लामने मुसाफिराला सवलती दिल्या. त्याची चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते, रोजा पुढे ढकलता येतो. पाहुणचार हा त्याचा हक्क मानला. पण पाहुण्याने यजमानाला अडचणीत येईपर्यंत राहू नये, हीही शिकवण आहे. पर्यटनाचे धोरण याहून वेगळे काय असावे? वाशिष्ठीच्या खाडीतले मच्छीमार रासायनिक सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करत आहेत. मासळी कमी झालेल्या पाण्यात आलिशान बोटी फिरवून कोकणचा विकास होणार नाही. आधी पाणी स्वच्छ करा. बोटी चालवण्याचा पहिला हक्क इथल्या भोई, कोळी, खारवी आणि मुस्लिम खलाशांच्या मुलांना द्या. मशिदीजवळ तिचा इतिहास सांगणारा नीट मराठी फलक लावा.

आणि थोडे आपल्या समाजालाही. कोकणी मुसलमान म्हणजे आखातात नोकरी, अशी ओळख आपण स्वतःच करून घेतली आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना वाऱ्यांची नावे, भरती-ओहोटीचे हिशेब, जहाजांचे प्रकार तोंडपाठ होते. ते आपण किती लिहून ठेवले? 'तुम्ही बाहेरून आलात' असे कोणी म्हटले की आपल्याला राग येतो, आणि तो रास्त आहे. पण नुसत्या रागाने उत्तर मिळत नाही. या खाडीशी, या भाषेशी आपले नाते किती जुने आहे याची नोंद आपल्याच हातात हवी. उर्दू आणि मराठी शाळांनी मिळून एक दिवसाची सहल दाभोळला न्यावी, मुलांनी वृद्ध तांडेलांना प्रश्न विचारावेत, वह्यांत शब्द उतरवावेत. याला फार पैसा लागत नाही. उशीर मात्र झाला आहे, कारण सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.