रात्री दीडची मॅगी आणि 'कंट्रोल नाही'चं खोटं

सबमिशनच्या आदल्या रात्री तुम्ही काय खाता? खरं सांगा. आमच्या हॉस्टेलवर रात्री दीड वाजता केटलमध्ये मॅगी शिजते, वरून फरसाण पडतं आणि शेवटचा घास संपताना कोणीतरी हमखास म्हणतं, 'आपल्याला ना, कंट्रोलच नाही!' हे मी तीन वर्षं ऐकलं, स्वतःही म्हटलं. आता पटत नाही.

कारण आहे घ्रेलिन. १९९९ मध्ये जपानच्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांच्या टीमनं शोधलेलं, मुख्यतः जठरात तयार होणारं हार्मोन. जेवणाची वेळ जवळ आली की रक्तात ते वाढतं आणि मेंदूला निरोप जातो, खा. जेवलं की उतरतं. शिवाय ते शरीराला चरबी साठवायलाही मदत करतं. याच्या उलट काम लेप्टिनचं. ते चरबीच्या पेशींमधून येतं आणि 'साठा पुरेसा आहे' असं सांगतं.

आता जागरणाचं बघा. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या खेपेला दोन रात्री दहा तास. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी झोपेत घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त, लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी. आणि खावंसं काय वाटत होतं? गोड, खारट, पिष्टमय. म्हणजे आपली मॅगी आणि फरसाणच की! १२ जणांचा प्रयोग छोटाच, त्यात एकही मुलगी नव्हती, आणि नंतरच्या सगळ्या प्रयोगांत आकडे इतके ठळक आले नाहीत, हेही मान्य. कंटाळा आला म्हणून मी बिस्किटांचा पुडा फोडते, त्याचं खापर घ्रेलिनवर फोडणार नाही.

पण माझ्या रूममेटचं ऐका. तिला विचारूनच लिहितेय. चुलत बहिणीच्या लग्नात लेहंगा बसावा म्हणून तिनं महिनाभर रात्रीचं जेवण सोडलं. वजन उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. दोन-तीन महिन्यांत ते परत आलं, तेव्हा मात्र कोणी काही बोललं नाही. एका रात्री बेसिनपाशी उभी राहून ती रडत म्हणाली, 'मी खादाडच आहे.' माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नंतर वाचलं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की, कडक डाएटनं वजन कमी केलेल्यांमध्ये वर्षभरानंतरही घ्रेलिन चढलेलंच असतं आणि भूकही. तिचं शरीर गेलेलं वजन परत मागत होतं, आणि ती मात्र स्वतःलाच शिव्या घालत होती.

म्हणून मला आता राग येतो तो मेसच्या वेळेचा. आमची मेस साडेआठला बंद होते, रीडिंग रूम मात्र रात्री एकपर्यंत उघडी. जागा, अभ्यास करा, पण भूक लागू देऊ नका! आम्ही वॉर्डन मॅडमना सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, 'वेळेवर जेवायची शिस्त लावा.' अर्धं बरोबर आहे त्यांचं. घ्रेलिनला वेळेची सवय लागते, रोज ज्या वेळी जेवाल त्याच्या थोडं आधी ते चढू लागतं. पण मग साडेआठला जेवून एक वाजेपर्यंत जागणाऱ्या पोरींनी काय करायचं?

आम्ही फार काही मागितलेलं नाही. परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला एक वाटी मटकीची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी, पैसे आमचे. प्रथिनं पोटात गेली की घ्रेलिन जास्त वेळ खाली राहतं, म्हणून उसळ. वडापाव मागितला असता तर सह्या दुप्पट मिळाल्या असत्या. अर्जावर ४१ मुलींच्या सह्या आहेत. पहिली माझ्या रूममेटची. देऊन तीन आठवडे झाले, परीक्षा सोमवारपासून आहे आणि केटल अजून आमच्याच खोलीत आहे.