डाव मांडू या : साठ कार्डांची लढाई



बदाम सात तुम्हाला येतं, भिकार-सावकार येतं, मोठ्यांच्या शेजारी बसून मेंढीकोटही थोडंफार कळायला लागलेलं असतं. पण आज जो डाव मांडायचा आहे, त्याची कार्डं तुमच्यापैकी पुष्कळांच्या दप्तरात आहेत आणि तो खेळायचा कसा हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. ओळखलंत ना? पोकेमॉनची कार्डं!

मलाही तो खेळ येत नव्हता. माझ्या चौथीच्या वर्गात मधल्या सुट्टीत या कार्डांवरून भांडण झालं. मी काही न विचारता सगळी कार्डं गोळा केली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. शाळा सुटल्यावर एक मुलगा दाराशी रेंगाळत होता. डोळे लाल. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्याने मोठ्या वर्गातल्या एका मुलाला दहा कार्डं देऊन एक सोनेरी, चकचकीत कार्ड घेतलं होतं. ती दहा कार्डं त्याच्या दादाची होती आणि खरी होती. सोनेरी कार्ड नकली निघालं.

मी त्याला म्हटलं, “अरे, पण त्या कार्डाचा खेळात उपयोग काय होता?” तो म्हणाला, “बाई, खेळ कुणाला येतोय? ज्याच्या कार्डावर मोठा आकडा, तो जिंकला!”

त्या दिवशी मी ठरवलं, आधी आपण शिकायचं आणि मग मुलांना शिकवायचं. तेच आज तुम्हाला सांगते.

हा खेळ आला कुठून?

१९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा खेळ काढला. त्यातली कल्पना नवी होती. बदाम सात खेळताना सगळ्यांना एकाच ५२ पत्त्यांतून पत्ते वाटले जातात. इथे तसं नाही. इथे प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरून स्वतः रचून आणतो. कार्डं जमवायची, बदलायची, त्यातून निवडक कार्डांचा कॅट बनवायचा आणि समोरच्याच्या कॅटशी लढवायचा!

१९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनचा व्हिडिओ गेम आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याची कार्डंही आली. पोकेमॉनची कल्पना सातोशी ताजिरी यांची. त्यांना लहानपणी किडे पकडून जमवायचा भारी नाद होता. त्या नादातूनच पुढे हे ‘पकडा आणि जमवा’ सुचलं. १९९९ पासून ही कार्डं इंग्रजीत मिळू लागली.

कॅटमध्ये काय काय?

कॅट बरोबर ६० कार्डांचा. एक कमी नाही, एक जास्त नाही. कार्डं तीन जातींची असतात.

पहिली पोकेमॉन कार्डं. हे आपले लढवय्ये. वरच्या कोपऱ्यात ‘एचपी’ असं लिहून आकडा असतो. ती त्याची ताकद. तेवढा मार बसला की तो बाद. यात काही ‘बेसिक’ म्हणजे मूळचे, तर काही त्यांची वाढलेली रूपं असतात. जसं, चारमँडर हा बेसिक, त्याचा चारमेलिऑन होतो आणि त्याचा पुढे चारिझार्ड.

दुसरी ऊर्जा कार्डं. आग, पाणी, गवत, वीज वगैरे. ऊर्जेशिवाय बहुतेक हल्ले होत नाहीत, जसं भाकरीशिवाय काम नाही!

तिसरी ट्रेनर कार्डं. ही मदतनीस. कोणी जास्तीची कार्डं उचलू देतं, कोणी जखम भरून काढतं.

एकाच नावाची चारपेक्षा जास्त कार्डं कॅटमध्ये चालत नाहीत. साधी ऊर्जा कार्डं मात्र कितीही चालतात.

डाव मांडताना

आधी एकमेकांशी हात मिळवा. हो, नियमांच्या पुस्तकातच तसं सांगितलंय! मग नाणं उडवा. जिंकेल त्याने ठरवायचं, आधी कोण खेळणार ते.

आता कॅट पिसून सात कार्डं हातात घ्या. त्यातला एक बेसिक पोकेमॉन समोर पालथा ठेवा. हा तुमचा ‘पुढचा’ पोकेमॉन. लढाई फक्त पुढच्या दोघांची होते. हातात आणखी बेसिक असतील तर त्याच्या मागच्या ओळीत पाचपर्यंत ठेवता येतात. त्या ओळीला म्हणतात ‘बेंच’, म्हणजे बाक. आपल्या वर्गातल्यासारखाच, पण पाच जणांचा!

सातांत एकही बेसिक आला नाही तर? कार्डं समोरच्याला दाखवायची, पुन्हा पिसायची आणि नवी सात घ्यायची. त्याबद्दल समोरच्याला एक कार्ड जास्त उचलायची मुभा मिळते.

शेवटी कॅटमधली वरची सहा कार्डं न बघता बाजूला ठेवा. ही ‘बक्षीस’ कार्डं. मग दोघांनी आपापले पोकेमॉन सुलटे करायचे आणि खेळ सुरू.

आपली पाळी आली की

सगळ्यात आधी एक कार्ड उचला. मग पुढच्या गोष्टी हव्या त्या क्रमाने करा.

हातातले बेसिक पोकेमॉन बाकावर बसवा. जागा असेल तितके.

एका पोकेमॉनला एक ऊर्जा कार्ड जोडा. एका पाळीत एकच! सगळ्या खेळाची गंमत या एका नियमात आहे. पुढच्याला आत्ता देऊ, की मागच्याला तयार करू, हे दर वेळी ठरवावं लागतं.

पोकेमॉनला वाढवा, म्हणजे वरचं रूप त्याच्यावर ठेवा. मात्र आत्ताच मांडलेला पोकेमॉन त्याच पाळीत वाढत नाही आणि कुणाच्याही पहिल्या पाळीत वाढवता येत नाही. वाढला तरी त्याला बसलेला मार आणि जोडलेली ऊर्जा तशीच राहते.

ट्रेनर कार्डं खेळा. त्यातली ‘आयटम’ कितीही खेळता येतात, ‘सपोर्टर’ मात्र पाळीत एकच.

पुढचा पोकेमॉन दमला असेल तर त्याला मागे घ्या आणि बाकावरचा पुढे आणा. पाळीत एकदाच. कार्डाच्या खाली जितक्या ऊर्जेची किंमत लिहिली असेल तितकी ऊर्जा टाकून द्यावी लागते.

आणि सगळ्यात शेवटी हल्ला. हल्ला केला की पाळी संपली. म्हणून आधी बाकीची कामं उरका. जो आधी खेळतो त्याला पहिल्या पाळीत हल्लाही करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही. नाहीतर आधी खेळणाऱ्याचा फारच फायदा झाला असता.

आता थोडं गणित

हल्ल्यासमोर आकडा असतो, तितका मार. पण कार्डाच्या खाली ‘कमजोरी’ लिहिलेली असते. समजा तुमचा पाण्याचा पोकेमॉन ३० चा हल्ला करतो आणि समोर ७० एचपीचा आगीचा पोकेमॉन आहे, ज्याची कमजोरी पाणी. मग मार दुप्पट. ३० दुणे ६०. त्याच्याकडे उरले १०. काही पोकेमॉनना याच्या उलट ‘प्रतिकार’ असतो. तिथे मार कमी होतो, हल्लीच्या कार्डांवर बहुतेक ३० ने.

बसलेला मार विसरू नये म्हणून कार्डावर खुणा ठेवतात. आम्ही चिंचोके ठेवतो. एक चिंचोका म्हणजे १०.

एचपी संपली की पोकेमॉन बाद. मग बाद करणाऱ्याने आपल्या बक्षिसांतलं एक कार्ड उचलायचं. काही बलाढ्य पोकेमॉन असे असतात की ते बाद झाले तर समोरच्याला दोन बक्षिसं मिळतात. म्हणजे बघा, मोठ्या आकड्याचा पोकेमॉन हा फायदाही आहे आणि धोकाही!

जिंकायचे तीन मार्ग. तुमची सहाही बक्षिसं उचलून झाली, किंवा समोरच्याकडे मांडलेला एकही पोकेमॉन उरला नाही, किंवा पाळीच्या सुरुवातीला उचलायला त्याच्या कॅटमध्ये कार्डच नाही.

सुरुवातीला ६० कार्डांनी गोंधळ होतो. आम्ही वर्गात ३० कार्डं आणि ३ बक्षिसं असा छोटा डाव खेळतो. अर्ध्या तासात संपतो. ज्यांच्याकडे कार्डं नाहीत त्यांनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची केली. चित्रं स्वतः काढली, आकडे खऱ्या कार्डांवरून उतरवले. स्पर्धेत अशी चालत नाहीत आणि खरी म्हणून ती कुणाला देऊही नयेत, पण घरी खेळायला झकास!

अदलाबदल करताना

आता त्या दहा कार्डांचं पुढे काय झालं ते सांगते. मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि छोट्या डावाला लावलं. सोनेरी कार्ड मांडलं, तर त्याच्या हल्ल्याला लागणारी ऊर्जा कुठेच लिहिलेली नव्हती आणि आकडा भलताच मोठा. ते खेळताच येईना! मोठा मुलगा गप्प झाला. ते कार्ड नकली आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. त्यानेही ते दुकानातून पैसे देऊन घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने सहा कार्डं परत आणली. चार तोवर तिसऱ्याच कुणाकडे गेली होती. ती काही मिळाली नाहीत. दादाला खरं सांगायला मात्र तो छोटा स्वतः गेला. दादा रागावला, पण मारलं नाही. आता दोघं घरी खेळतात.

आणि मी? मी वर्गासमोर कबूल केलं, की विचारपूस न करता कार्डं काढून घेतली ही माझी चूक. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तीन नियम फळ्यावर लिहिले.

एक, आज बोलायचं आणि उद्या बदलायचं. एक रात्र गेली की चकचकाट उतरतो.

दोन, जे आपलं एकट्याचं नाही, ते घरी विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

तीन, लहान वर्गातल्या मुलाशी अदलाबदल करायची तर तिसरा कुणीतरी जाणता साक्षीला हवा.

आईबाबांसाठी दोन शब्द

या कार्डांची पाकिटं बंद असतात. आत कोणती कार्डं आहेत हे फोडल्याशिवाय कळत नाही. ‘अजून एक घेऊ, यात नक्की निघेल’ असं मुलांना वाटत राहतं. म्हणून पाकिटांमागे न लागता एखादा तयार कॅट घेतलात तर खेळ लगेच सुरू होतो. तेही शक्य नसेल तर पुठ्ठा आहेच. सोनेरी प्लॅस्टिकची स्वस्त कार्डं बहुतेक नकलीच असतात. आणि एक विनंती, एकदा तरी मुलासमोर बसून डाव खेळा. बेरीज, वजाबाकी, दुप्पट, वाट बघणं आणि हरणं, एवढं सगळं एका बैठकीत शिकवणारे खेळ थोडेच आहेत.

या आठवड्याचं कोडं

समोरच्याच्या पुढच्या पोकेमॉनची ६० एचपी उरली आहे. त्याची कमजोरी वीज. तुमचा पुढचा पोकेमॉन गवताचा. त्याला एक ऊर्जा जोडलेली आहे, त्याचा ५० चा हल्ला दोन ऊर्जांचा आणि मागे घ्यायची किंमत एक ऊर्जा. बाकावर विजेचा पोकेमॉन आहे. त्यालाही एकच ऊर्जा जोडलेली आहे आणि त्याचा ३० चा हल्ला दोन ऊर्जांचा. तुमच्या हातात एकच ऊर्जा कार्ड आहे, विजेचं. आणि हो, याच पाळीत समोरच्याला बाद करायचंय. कसं कराल?

घाई करू नका. चिंचोके घ्या, मांडून बघा. उत्तर पुढच्या अंकात!

तुमच्या,
बाई