‘जूनो’चे कौतुक कितपत खरे?

एखाद्या नवख्या माणसाचे पहिल्याच कामात अफाट कौतुक होऊ लागले की दोन प्रकारचे लोक हमखास दिसतात. सगळे टाळ्या वाजवताहेत म्हणून आपणही वाजवणारे, आणि सगळे वाजवताहेत म्हणूनच हाताची घडी घालून बसणारे. यातल्या बऱ्याच जणांनी ते काम नीट पाहिलेलेच नसते. म्हणून या वेळी आम्ही एक जुना वाद मुद्दाम उकरून काढत आहोत. ‘जूनो’ हा अमेरिकन विनोदी चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये आला, त्याच्या नवोदित पटकथालेखिकेला डोक्यावर घेतले गेले, आणि तेव्हापासून प्रश्न विचारला जातो : एवढे कौतुक खरोखरच कमावलेले होते का?

कुटुंबाच्या मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण हा चित्रपट सोळा वर्षांची मुलगी, तिचे वडील, सावत्र आई आणि पोटातले बाळ यांचा आहे. म्हणजे घराचाच प्रश्न आहे. आणि आपली कॉलेजात जाणारी मुले असे चित्रपट मोबाईलवर आपल्याला न विचारता पाहतात. त्यांच्याशी बोलायचे तर आपल्यालाही ते ठाऊक असलेले बरे.

आधी लेखिकेविषयी. डायब्लो कोडी हे तिचे टोपणनाव. मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या या तरुणीने वर्षभर क्लबात अंगप्रदर्शन करत नाचण्याचे काम केले, त्यावर ब्लॉग लिहिला आणि २००६ साली पुस्तकही काढले. तो ब्लॉग वाचून एका निर्मात्याने तिला पटकथा लिहून पाहायला सुचवले. तिने लिहिलेली ही पहिलीच पटकथा. जेसन राइटमनने ती पडद्यावर आणली. साधारण सत्तर लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने जगभरात तेवीस कोटी डॉलरांच्या आसपास कमाई केली. रॉजर एबर्टसारख्या नामवंत समीक्षकाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ठरवले. फेब्रुवारी २००८ मध्ये चार ऑस्कर नामांकनांपैकी मूळ पटकथेचे पारितोषिक कोडीच्या हाती आले, तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती.

वर्तमानपत्रांना आणखी काय हवे? लेखणीपेक्षा लेखिकेच्या पूर्वायुष्याचीच चर्चा जास्त झाली. आमच्या मते कौतुकावर संशय येण्याचे पहिले कारण हेच आहे. माणसाची कहाणी चटकदार असली की त्याचे काम तपासण्याचे कष्ट कुणी घेत नाही. स्तुती करणारेही घेत नाहीत, आणि ‘अशी बाई काय लिहिणार’ म्हणून नाक मुरडणारेही घेत नाहीत. आम्हाला तिचा पूर्वीचा व्यवसाय पसंत नाही, हे सांगायला संकोच नाही. पण तराजूत पटकथा टाकायची तर दुसऱ्या पारड्यात पटकथेचेच गुणदोष हवेत.

कथा थोडक्यात अशी. जूनो मॅकगफ या शाळकरी मुलीला आपल्या मित्रापासून, पॉली ब्लीकरपासून, दिवस जातात. गर्भपातासाठी ती दवाखान्यात जाते आणि तसाच पाय मागे घेते. मग बाळ दत्तक द्यायचे ठरवते. जाहिरातींच्या पत्रकातून तिला मार्क आणि व्हनेसा हे सुखवस्तू जोडपे सापडते. मार्कशी तिची गट्टी जमते, कारण त्यालाही तिच्यासारखेच गाण्यांचे आणि भीतिपटांचे वेड. व्हनेसा मात्र तिला जरा ताठ, जरा हास्यास्पद वाटते. बाळंतपण जवळ आल्यावर मार्क घर सोडायला निघतो. त्याला बाप व्हायचेच नसते. अखेर बाळ एकट्या व्हनेसाच्या हाती जाते.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. त्यांचा पहिला आक्षेप संवादांवर आहे. सोळा वर्षांची मुलगी दर वाक्याला कोटी करत नाही. बरे, तिचे एक वेळ चालवून घेऊ; पण पहिल्या पंधरा मिनिटांत दुकानातला माणूस, तिची मैत्रीण आणि ती स्वतः, सगळे एकाच साच्यातले चुरचुरीत बोलतात. पात्रे बोलत नाहीत, लेखिकाच बोलते. हा आक्षेप आम्हाला बराचसा मान्य आहे. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर अब्रार अल्वी यांचे देता येईल. गुरुदत्तच्या ‘आर पार’साठी त्यांनी १९५४ साली संवाद लिहिले तेव्हा टॅक्सीवाला टॅक्सीवाल्यासारखा बोलला. त्यापूर्वी पडद्यावर पुस्तकी बोलण्याची रीत होती, ती त्यांनी मोडली. ज्याच्या तोंडी जे शोभेल तेच घालायचे, हा संवादलेखनाचा पहिला धडा. ‘जूनो’ सुरुवातीला तिथेच घसरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एवढ्या मोठ्या संकटावर हसायचे कसे? शाळकरी वयातले गरोदरपण म्हणजे शाळा, तब्येत, पैसा, लोकांची नजर, सगळ्यांवरच घाला. चित्रपटात दवाखान्याचा खर्च दत्तक घेणारे जोडपे उचलते, शाळेतले टोमणे दोन-चार नजरांवर भागतात, आणि शेवटी उन्हाळ्यात दोघे गिटार वाजवत बसतात. विवाहाबाहेरचा हा संबंध आपल्या दीनमध्ये गुन्हा आहे हे तर झालेच. पण ज्यांना तसे वाटत नाही त्यांनीही मान्य करावे की इथे किंमत फार कमी लावली आहे. एवढ्या स्वस्तात कोणतीही मुलगी यातून सुटत नाही.

इथपर्यंत पारडे विरोधकांच्या बाजूने झुकते. पण चित्रपट शहाण्णव मिनिटांचा आहे, पंधरा मिनिटांचा नाही.

पुढे जे घडते ते बारकाईने पाहावे. जूनोचे बोलणे जसजसे कमी होत जाते तसतसा चित्रपट मोठा होत जातो. ती कोट्या करते कारण घाबरलेली आहे. आपल्या घरातही अशी मुले असतात : विचारले की थट्टेवारी नेतील, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडतील. त्यांची जीभ ही त्यांची ढाल असते. लेखिकेने ही ढाल हळूहळू खाली उतरवली आहे. सगळ्यात मोठा निर्णय जूनो व्हनेसाला कळवते तो एका पावतीच्या मागे खरडलेल्या अगदी छोट्या चिठ्ठीत. त्यात ना कोटी, ना विनोद. ती चिठ्ठी शेवटी बाळाच्या खोलीच्या भिंतीवर चौकटीत लावलेली दिसते. जिला बोलण्याची एवढी हौस तिने सर्वांत महत्त्वाची गोष्ट दोन ओळींत सांगावी, ही रचना नवशिक्याच्या नशिबाने जुळत नाही. ती आधीपासून योजलेली असते.

दुसरे, पात्रांची उलटापालट. सुरुवातीला मार्क आपल्याला आवडतो. मोकळा, गमत्या, मुलांत मूल होणारा. व्हनेसा कंटाळवाणी वाटते. मग बाजारसंकुलातला एक प्रसंग येतो. व्हनेसा गुडघे टेकून जूनोच्या पोटाशी बोलते आणि आतून बाळाची हालचाल तिच्या हाताला लागते. त्या एका क्षणात कळते की हसण्यासारखी ती कधीच नव्हती; ती फक्त घाबरलेली, आसुसलेली बाई होती. आणि मार्क? तो मुलांत मूल होतो कारण तो स्वतः मोठा झालेलाच नाही. गमत्या माणूस आणि जबाबदार माणूस यांत गल्लत करू नये, हे लग्नाच्या वयाच्या मुलींना आणि त्यांच्या अम्मी-अब्बांना कोणत्याही भाषणापेक्षा इथे नीट समजेल.

तिसरे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे : जूनोचे घर. मुलगी समोर बसून बातमी सांगते. ती काही बोलण्याआधी वडील-आईच्या मनात शाळेतून काढले असेल, नशा केली असेल, असे विचार येऊन गेलेले असतात. आणि खरी बातमी कळल्यावर तेच बरे झाले असते असे त्यांना वाटते. प्रसंग विनोदी आहे, पण धक्का खरा आहे. वडील निराश होतात, ते लपवत नाहीत. तरी त्या मुलीला घराबाहेर कुणी काढत नाही, हात उगारत नाही, कोंडून ठेवत नाही. दत्तक घेणाऱ्यांच्या घरी पहिल्यांदा जाताना वडील सोबत जातात, कारण मुलीला कुणी फसवू नये.

आणि ती सावत्र आई! आपल्या चित्रपटांनी सावत्र आई म्हणजे छळ एवढेच समीकरण शिकवले. इथे सख्खी आई दूर निघून गेलेली आहे आणि वर्षातून एकदा निवडुंगाचे रोप पाठवण्यापुरती उरली आहे. सोनोग्राफी करणारी बाई मुलीला कमी लेखते तेव्हा तिला सुनावणारी असते ती सावत्र आई, ब्रेन. चूक घरात दाखवायची, पण बाहेरच्याला मुलीचा अपमान करू द्यायचा नाही. ऑस्कर स्वीकारताना कोडीनेही, आपण जशा आहोत तसे प्रेम केल्याबद्दल, आपल्या घरच्यांचेच आभार मानले होते. हे घर तिने कुठून आणले याचा अंदाज त्यावरून येतो.

वाचकहो, इथे जरा थांबून विचार करू. चूक ती चूकच. तिला चूक म्हणायला आपण कचरू नये. पण आपल्या किती घरांत मुलगी किंवा मुलगा कोणतीही वाईट बातमी घेऊन आधी आई-वडिलांकडे येईल? नापास झाल्याची, पैसे हरवल्याची, कुणी फोटोवरून धमकावत असल्याची? बदनामीच्या भीतीने मुले आधी बाहेरच्याकडे जातात, आणि बाहेरचा त्यांना आणखी खोल ढकलतो. अल्लाहची रहमत मागणाऱ्या माणसाने आपल्या लेकरासाठी दार बंद करू नये. हा धडा घेण्यासाठी जूनोचे वागणे पसंत असण्याची गरज नाही.

दत्तकाच्या प्रश्नावर मात्र आमचे चित्रपटाशी पटत नाही. पत्रे, छायाचित्रे पाठवत राहण्याचा पर्याय वकीलबाई समोर ठेवतात; जूनो तो नाकारते. बाळाशी पुढे काहीही संबंध नको. प्रेक्षकालाही ते सोयीचे वाटते. पण ते मूल उद्या मोठे होऊन विचारील, मी कुणाचा? यतीम किंवा निराधार मुलाची कफालत, म्हणजे त्याचे पालनपोषण, हे आपल्याकडे मोठ्या सवाबचे काम. पण त्याचा नसब पुसू नये, त्याला त्याच्या बापाच्या नावाने ओळखावे, अशी ताकीद सूरह अहजाबमध्ये आहे. त्यामागे मुलाचा हक्क आहे. पटकथेत जूनोचा विचार आहे, व्हनेसाचा आहे. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, त्या बाळाच्या बाजूने विचार करायला कुणी थांबत नाही. ही उणीव आम्हाला संवादांतल्या कोट्यांपेक्षा मोठी वाटते.

आणखी एक आरोप या चित्रपटावर झाला. २००८ च्या जून महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाने मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्लॉस्टर गावच्या शाळेची बातमी दिली. तिथे एका वर्षात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मुली गरोदर राहिल्या होत्या, आणि त्यांतल्या काहींनी आपसात तसे ठरवले होते असे त्यात म्हटले होते. लगेच बोट ‘जूनो’कडे गेले. गावच्या महापौरांनी असा काही करार झाल्याचा पुरावा नसल्याचे सांगितले. देशभरचे चित्र पाहिले तरी हा आरोप टिकत नाही. अमेरिकेत किशोरवयीन मातांचे प्रमाण १९९१ नंतर घटत होते, २००६ आणि २००७ मध्ये थोडे वाढले, म्हणजे चित्रपट लोकांपर्यंत पोहोचण्याआधीच; आणि त्यानंतर ते पुन्हा घसरतच गेले. घरातल्या संवादाची जबाबदारी चित्रपटावर ढकलणे सोपे असते, एवढेच यातून दिसते.

मग निकाल काय? नवख्याच्या कौतुकाची खरी परीक्षा पुढच्या कामात होते. कोडीचा दुसरा चित्रपट, २००९ चा ‘जेनिफर्स बॉडी’, तिकीटबारीवर आपटला. हात बांधून बसलेल्यांना आनंद झाला. पण त्याच लेखिकेने राइटमनसोबत २०११ मध्ये ‘यंग अडल्ट’ आणि २०१८ मध्ये ‘टली’ केले. ‘टली’मध्ये तिसऱ्या बाळंतपणानंतर थकून गेलेली आई आहे. तिथे चुरचुरीत कोट्या जवळपास गळून पडल्या आहेत आणि घरातल्या बाईचा थकवा उरला आहे. ‘जूनो’च्या उत्तरार्धात जे बी दिसले होते तेच पुढे रुजले. म्हणून आमचे मत असे : कौतुक खोटे नव्हते, पण चुकीच्या गोष्टीचे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या चटकदार संवादांना आणि लेखिकेच्या रंगीत भूतकाळाला. वाजवायला हव्या होत्या त्या चिठ्ठीतल्या दोन ओळींना, व्हनेसाच्या गुडघ्यांना आणि ब्रेनच्या खड्या आवाजाला.

लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये. अमेरिकेतही तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना त्याबाबत सावध केलेले आहे. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी तो पाहिलाच असेल तर रागावण्याआधी त्यांना एक प्रश्न जरूर विचारा : त्या घरात तुला काय बरे वाटले, आणि काय खटकले? उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. आपल्या घराविषयी बरेच काही त्यातून कळेल. काय कळले ते आम्हालाही अवश्य लिहा.