भुऱ्याला आत येऊ द्या

ऑटिस्टिक माणसाला कुत्रा लागतो असं म्हटलं की आपल्याकडे दोनच उत्तरं येतात. एक, 'ही सगळी अमेरिकेतली फॅडं'. दुसरं, 'अय्या, किती गोड!' मला दुसऱ्याचा राग जास्त येतो. पहिल्याशी निदान भांडता तरी येतं.

मी ऑटिस्टिक आहे. वय २६, गाव मूल तालुक्यात, सध्या नोकरीसाठी चंद्रपुरात. निदान झालं १९व्या वर्षी, तेही नागपूरला जाऊन. गावाने त्याच्या कितीतरी आधी आपलं निदान करून ठेवलं होतं: 'येडी पोट्टी. माणसाशी बोलत नाही, न् कुत्र्याशी बरोबर बोलते.' तेव्हाची कुत्री गेली. आता भुऱ्या आहे. जातीने गावठी, वजन १८ किलो, एक कान फाटलेला. ८ वर्षं माझ्याबरोबर राहतोय.

भुऱ्या 'गोड' नाही. तो कामाला आहे. आमच्या भागात कोळसा खाणींमध्ये ब्लास्टिंग होतं, खिडक्यांची तावदानं थरथरतात. बाकीच्यांना सवयीने ते ऐकूही येत नाही, माझ्या अंगात मात्र अर्धा तास वाजत राहतं. अशा वेळी भुऱ्या माझ्या मांडीवर सगळा भार टाकून पडतो आणि मी 'ऊठ' म्हणेपर्यंत हलत नाही. हे मी त्याला शिकवलंय. तीन महिने लागले आणि बरीच उकडलेली अंडी. गोल बाजारात गर्दीने माझे पाय जागीच थांबले की तो माझ्यासमोर आडवा उभा राहतो, लोक आपोआप दोन हात लांबून जातात. मी स्वतःचा हात चावायला लागले की नाकाने हात खाली ढकलतो. तीन कामं, तिन्ही शिकवलेली.

अंगावर पडणाऱ्या भाराने मज्जासंस्था शांत होते, हा काही माझा शोध नाही. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक शास्त्रज्ञ बाईंनी तरुणपणी गुरांना लस टोचताना धरून ठेवायचा पिंजरा बघितला आणि स्वतःसाठी तसंच दाब देणारं यंत्र बनवलं. कॅनडात ४२ ऑटिस्टिक मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं होतं, तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं संप्रेरक. सकाळी उठल्यावर ते वाढतंच. या मुलांमध्ये ती वाढ ५८ टक्के होती. घरात प्रशिक्षित कुत्रा आल्यावर ती १० टक्क्यांवर आली. मग कुत्रा काही दिवस काढून घेतला, तर परत ४८. मुलं छोटी होती, काही 'वाटतंय' असं सांगायची त्यांना गरजच पडली नाही. लाळेने सांगितलं.

इथे एक घोळ निस्तरू. मुंबईत अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी संस्था थेरपी डॉग घेऊन मुलांमध्ये काम करते. ते काम चांगलंच आहे. पण थेरपी डॉग भेटायला येतो आणि निघून जातो. सर्व्हिस डॉग एका माणसाचा असतो, त्याच्या अपंगत्वाशी जोडलेली ठरावीक कामं करतो आणि तो माणूस जाईल तिथे जातो. यातलं 'जाईल तिथे' हेच आपल्याकडे गायब आहे.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला तेव्हा अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि ऑटिझम यादीत आला. कार्ड मिळालं. पण त्या कायद्यात सर्व्हिस डॉगचा उल्लेखच नाही. भारताने २००७ मध्ये ज्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली, त्यात साधनांच्या बरोबरीने 'सजीव साहाय्य' असा शब्द आहे. आपण साधनं तेवढी उचलली. व्हीलचेअर, काठी, श्रवणयंत्र. श्वास घेणारं साहाय्य दाराबाहेर. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर एसी फर्स्ट क्लासची अख्खी केबिन किंवा कूपे घ्या, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाका. गोंदिया-बल्लारशा पॅसेंजरला एसी फर्स्ट क्लास कुठून आणू? आणि पेटीतला कुत्रा माझ्या मांडीवर भार कसा टाकणार?

त्यात ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: शाळा-कॉलेजं, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं, क्रीडासंकुलं इथून भटकी कुत्री हटवा आणि परत तिथे सोडू नका. कुत्रा चावलेल्या मुलांच्या आईबापांची बाजू मला कळते. पण ही यादी पुन्हा वाचा. मला जिथे सगळ्यात जास्त त्रास होतो त्याच या जागा आहेत. भुऱ्या भटका नाही, पट्टा आहे, लसीची नोंद आहे, नसबंदी झालेली आहे. एका दवाखान्याच्या दारावर मी हे सगळे कागद दाखवले. वॉचमन म्हणाला, "ताई, लॅब्राडोर असता तर विचारलं असतं साहेबांना." बिचारा खरं बोलला. आपल्याकडे कुत्र्याचा दर्जा त्याच्या जातीवरून ठरतो. आता यावर अजून काय बोलू!

'आधी थेरपिस्ट आणा, शाळेत शिक्षक आणा, मग कुत्र्यांचं बघू' असं मला शहाणी माणसंही सांगतात. आणा ना! कोणी अडवलंय? गडचिरोलीच्या आतल्या गावात स्पीच थेरपिस्ट नाही म्हणून अंगणात असलेला कुत्राही वापरायचा नाही, हा कुठला हिशोब? आणि सरकारला कुत्रे शिकवता येत नाहीत असं तर मुळीच नाही. पुण्यात महाराष्ट्र पोलिसांचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. गडचिरोलीच्या जंगलात पुरलेले सुरुंग हुंगून कुत्र्यांनी जवानांचे जीव वाचवलेत. वाघाची कातडी आणि नखं शोधणारे कुत्रे वनखात्यांकडे आहेत. उत्तराखंड पोलिसांनी तर 'ठेंगा' नावाचा रस्त्यावरचा कुत्रा शिकवून पथकात घेतला. मग हरवलेलं मूल हुंगून शोधणारा कुत्राच तेवढा चैनीचा कसा?

हरवण्याचं मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेतल्या २०१२ च्या एका पाहणीत ४९ टक्के ऑटिस्टिक मुलांनी चार वर्षांच्या वयानंतर कधी ना कधी घरातून किंवा शाळेतून निघून जायचा प्रयत्न केला होता. तिकडे भीती रस्त्याची आणि तलावाची. आमच्याकडे गावाच्या मागे नाला, नाल्यापलीकडे जंगल, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला गेलेल्या मोठ्या माणसांवरही वाघ हल्ला करतो. न बोलणारं मूल हाकेला ओ देत नाही. त्याला शोधायला गाव टॉर्च घेऊन निघतं, आरडाओरडा होतो, आणि त्या आवाजाने ते मूल आणखी लपतं. कुत्र्याला ओ लागत नाही.

वन्यजीववाल्यांचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते, कारण तो खरा आहे. गावातला कुत्रा बिबट्याला ओढून आणतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के भाग एकट्या कुत्र्यांचा निघाला. आमच्या दुर्गापुरात बिबट्याने काय केलंय ते चंद्रपूरकरांना सांगायला नको. पण बिबट्याला मिळतो तो रात्री अंगणात, उकिरड्यावर, मोकळा असलेला कुत्रा. भुऱ्या रात्री माझ्या खाटेखाली, कडी लावलेल्या दाराच्या आत झोपतो. ज्या कुत्र्याला काम आहे, तो घरात झोपतो. वनखात्याने खरं तर माझ्या बाजूने बोलायला हवं. लस, नसबंदी, रात्री आत, एक माणूस जबाबदार: त्यांना हवं ते सगळं यात आहे.

अमेरिकेच्या कायद्यात दाराशी कर्मचाऱ्याने दोनच प्रश्न विचारायचे असतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? त्याला कुठलं काम शिकवलंय? जात विचारायची नाही, सर्टिफिकेट मागायचं नाही, मालकाने स्वतः शिकवलेला कुत्राही चालतो. त्याने धिंगाणा घातला तर बाहेर काढायचा अधिकार आहेच, आणि तो असायलाच हवा. एवढंच मराठीत आणायचंय. दिव्यांग कार्डावर एक ओळ, आणि बसस्थानक, दवाखाना, शाळा यांना दोन प्रश्नांचं एक परिपत्रक. शिकवायला लॅब्राडोर आयात करू नका, इथल्या उन्हात तो धापा टाकतो. गावठी पिल्लं गल्लीत हवी तेवढी आहेत.

आणि रीलवाल्यांनो, मी बाजारात थिजलेली असताना मोबाइल काढू नका. भुऱ्याला 'चू-चू' करू नका, तो त्या क्षणी ड्युटीवर असतो.

त्याच्या तोंडावरचे केस पांढरे व्हायला लागलेत. असे कुत्रे साधारण बारा-तेरा वर्षं जगतात. नवं पिल्लू जुन्या कुत्र्याकडे बघून लवकर शिकतं, म्हणून यंदाचा पावसाळा सरला की मला पिल्लू आणायचंय, भुऱ्या धडधाकट आहे तोवर. लस, पट्टा, अंडी, सगळ्याचा खर्च मी मांडून ठेवलाय. त्या पिल्लाला शिकवायचं कुठे, हा प्रश्न उरतो. गर्दीत उभं राहायला त्याला गर्दीतच शिकवावं लागेल, आणि गर्दीच्या सगळ्या जागांच्या दारावर एक वॉचमन आहे.